हेरिटेज कमिटीला एक विनंती, परमिट रूमबद्दल

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
मुंबई वारसा संवर्धन समिती



मुंबईतल्या जुन्या बारांची, परमिट रूमची आणि सरकारमान्य देशी दारूच्या दुकानांची एक रीतसर यादी आपल्या समितीने करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती वाचून बैठकीत खसखस पिकेल, याची मला कल्पना आहे. पिकू द्या. मी कुणासाठी नवा परवाना मागत नाही, कुणाच्या करात सूट मागत नाही, आणि दारू प्यायल्याने माणूस मोठा होतो असेही माझे म्हणणे नाही. गेल्या दीडशे वर्षांत या शहरातला सामान्य माणूस काम सुटल्यावर कुठे टेकला, याचा नकाशा काढायचा झाला तर त्यात देऊळ, तालीम, नाट्यगृह आणि इराण्याचे हॉटेल यांच्या जोडीने बारही येतो. पण त्याची नोंद उत्पादन शुल्क खात्याचे दप्तर आणि पोलीस ठाण्याची डायरी सोडून फारशी कुठे सापडत नाही.

आपल्या वारसा यादीबद्दल मला आदर आहे. 1995 ची नियमावली आली नसती तर फोर्टातल्या निम्म्या इमारतींच्या जागी आज काचेच्या पेट्या उभ्या असत्या. 2018 मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशात घेतला, तेव्हा चर्चगेटपासून ओव्हलपर्यंतच्या घरमालकांना आपण जुन्या नव्हे तर ऐतिहासिक घरात राहतो हे प्रथमच कळले. पण ही सगळी यादी दगडाची, लोखंडाची आणि चुन्याची आहे. आत काय चालायचे, याबद्दल ती बोलत नाही. काळा घोड्याचे वेसाइड इन हे हॉटेल घ्या. कवी अरुण कोलटकर तिथे खिडकीपाशी बसून समोरचा चौक न्याहाळायचे आणि त्या बसण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हे पुस्तक 2004 मध्ये आले. आज तो चौक आपल्या संरक्षणाखाली अगदी सुखरूप आहे. वेसाइड इन मात्र पुस्तक यायच्या आधीच उठले होते. ते उठताना आपल्या नियमावलीतले एकही कलम मोडले गेले नाही, कारण तिथे टेबल, खुर्ची, वेटर आणि गिऱ्हाईक यांच्यासाठी कलमच नाही.

वेसाइड इनबद्दल निदान लेख तरी आले. आता जे उठताहेत त्यांच्यावर कोण लिहिणार? गिरगावातला, लालबागचा, भायखळ्याचा, डॉकयार्ड रोडचा एखादा चाळीस-पन्नास वर्षांचा बार बंद होतो. शटरवर विकासकाचा फलक लागतो, आणि महिन्याभरात तिथे काय होते हे शेजारच्या औषधवाल्यालाही आठवून सांगावे लागते.

आपण म्हणाल, हे काम आमचे नाही. मला वाटते, आपलेच आहे, कारण मुंबईच्या बाराला आज जे रूप आहे ते सरकारने दिलेले आहे. लंडनचा पब किंवा पॅरिसचा कॅफे तिथल्या लोकांनी हळूहळू घडवला असेल. मुंबईचा बार मात्र कायद्याने घडवला. त्याचे अंधारे दिवे, अर्धे दार, काळ्या काचा, पाटीवरचे शब्द, सगळे कायद्याच्या पोटातून आले आहे.

थोडे मागून सांगतो. 1878 च्या अबकारी कायद्याआधी मुंबई आणि कोकणपट्टीत माडी, ताडी आणि मोहाची दारू गावोगाव निघायची. भंडाऱ्याने माडावर चढायचे, मडके उतरवायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायचे, असा साधा व्यवहार. कायद्याने माडावर कर बसला आणि दारू गाळणे मोठ्या कारखान्यांच्या हाती गेले. मुंबईला पुरणारी मोहाची दारू मुख्यतः उरणच्या भट्ट्यांतून यायची आणि त्या भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या. पुढे 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. जंगलातल्या माणसाने झाडाखाली पडलेले फूल उचलले तर तो गुन्हा, आणि तेच फूल भट्टीत शिरून पिठ्यावर आले की सरकारचा महसूल. पारशी मंडळींतली दारूवाला, टॉडीवाला, बाटलीवाला ही आडनावे या धंद्याची आठवण धरून आहेत. पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढत्या संख्येवर हरकत घेतली होती, ती याच काळात. त्यांना दिसत होते की सरकार एका हाताने नीतीच्या गोष्टी सांगते आणि दुसऱ्या हाताने गुत्त्याचा लिलाव पुकारते. हा दुटप्पीपणा आजतागायत चालू आहे, आणि मुंबईचा बार त्याचेच अपत्य आहे.

1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी आली. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आणि अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. त्यांच्याच समाजातल्या पिठेवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला गेला. म्हणजे गिरणी कामगाराची बाटली काढून घेतली आणि त्याचे बिल घरमालकाला पाठवले, असा त्याचा बोभाटा झाला. युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. मग स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 6 एप्रिल 1950 पासून संपूर्ण बंदी लागू झाली. गृहमंत्री मोरारजी देसाई. त्यांचा या बाबतीतला हट्ट सर्वश्रुत आहे, तो इथे पुन्हा सांगत बसत नाही.

या कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे एक गृहस्थ उच्च न्यायालयात गेले. त्यांनी काय मागितले होते? व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, औषधी वाइन आणि ओ द कोलोन बाळगण्याचा व वापरण्याचा अधिकार. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्याचा गाभा वैध ठरला आणि औषधे व प्रसाधने यांच्यापुरती बंदी उठली. घटनात्मक कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही अभ्यासावा लागतो. मला त्यातली ती मागणीची यादी आवडते. पारशी घरातले एखादे कपाट उघडून आतल्या बाटल्या एकेक करून न्यायमूर्तींसमोर मांडाव्यात, तशी ती वाचली जाते.

बंदीने दारू गेली नाही, ती घरात शिरली. माझगाव, धोबीतलाव, कॅव्हेल, वांद्रे इथे ख्रिस्ती कुटुंबांच्या बैठकीच्या खोल्यांत ‘आंटीचे अड्डे’ उभे राहिले. भिंतीवर येशूची तसबीर, खाली लाल दिवा, दोन बाकडी, आतून आंटी काचेचा पेला आणून ठेवणार, सोबत मिठाचे चणे किंवा उकडलेले अंडे. या बायकांपैकी कित्येकींनी याच पैशांवर पोरांच्या शाळेच्या फिया भरल्या. धारावीच्या खाडीकाठी गूळ, नवसागर आणि सडकी फळे यांची हातभट्टी लागायची आणि माल ट्यूबमध्ये भरून शहरात यायचा. पोलिसांचा हप्ता बांधलेला असायचा. या धंद्यातून जे पैसे आणि जी माणसे तयार झाली, त्यांनीच पुढे मुंबईचे टोळीयुद्ध लढवले. वरदराजन मुदलियार हे त्यातले सर्वांत ठळक नाव. गंमत म्हणजे याच दारूबंदीच्या मुंबईत, 1951 च्या ‘बाजी’पासून, हिंदी सिनेमाने एका बस कंडक्टरला दारुड्याची भूमिका दिली आणि गुरुदत्तने त्याचे नाव एका व्हिस्कीवरून जॉनी वॉकर ठेवले. शहरात दारू मिळणे गुन्हा, पडद्यावर झोकांड्या खाणारा हशा वसूल करतो, आणि तो नट स्वतः थेंबालाही शिवत नाही!

मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात कायदा सैल झाला. हातभट्टीचे विष थांबवायचे तर सरकारी देखरेखीखालची दारू स्वस्तात मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देशी दारू परवान्याने विकायला लागली आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी मुंबईच्या रस्त्यांवर आली. पण कायदा रद्द झाला नाही. नाव मुंबईचे महाराष्ट्र झाले, एवढेच. आजही या राज्यात दारूबंदी कायदाच लागू आहे आणि पिणारा प्रत्येक माणूस त्यातला अपवाद आहे. त्याच्याकडे परवाना हवा. विदेशी दारूचा एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आयुष्यभराचा हजाराला. परवाना कशासाठी, तर प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. मुंबईच्या बारात बसलेल्या शंभर माणसांत किती जणांच्या खिशात हा कागद असतो, ते आपणही जाणता आणि मीही जाणतो.

तर अशा कायद्याने घडवलेली ही खोली. तिच्यात काय असते, ते आपल्यापैकी जे कधी गेले नसतील त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. फोर्टातल्या नोकरीच्या वर्षांत मी अशा बऱ्याच खोल्यांत बसलो आहे.

सकाळी साडेदहा-अकराला शटर अर्धे वर जाते. पोऱ्या फरशीवर फिनेलचे पाणी मारतो. गल्ल्यामागे गणपती, लक्ष्मी आणि गणेशपुरीच्या नित्यानंदांची तसबीर. मालक, म्हणजे शेट्टी, उदबत्ती फिरवतो, गल्ल्याला हात लावून डोळ्यांना लावतो आणि बसतो. टेबले सनमायकाची, कडा उचकटलेल्या. दोन खोल्या असतात: बाहेरची साधी, आतली एसी. एकाच बाटलीचा दर दोन्हीकडे वेगळा. अकरा वाजता येणारे गिऱ्हाईक हे रात्रपाळी करून सुटलेले असते आणि ते बोलत नाही. दुपारी टॅक्सीवाले, दलाल, कोर्टातले कारकून. साडेसहानंतर कचेऱ्या सुटल्या की आवाज चढत जातो.

आता कॉटर बघा. एकशे ऐंशी मिलीलीटरची बाटली. मोठ्या हॉटेलात पेग मापून येतो, बाटली कुठली ते वेटरला ठाऊक. इथे वेटर सीलबंद बाटली टेबलावर आणतो, लेबल गिऱ्हाइकाकडे करून धरतो, गिऱ्हाईक मान हलवते, मगच तो झाकण पिरगाळतो. झाकणाची कडी तुटल्याचा तो ‘कट्’ आवाज आला पाहिजे. आला नाही तर बाटली परत. बाटलीत काय आहे याची खात्री करून घेण्याची गरज ज्या शहराला विषारी दारूने शिकवली, त्या शहराने हा रिवाज पाडला. मालवणीत 2015 च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, ते विसरायला आपल्याला फार वर्षे झालेली नाहीत. मग दोघांत एक कॉटर निम्मी-निम्मी. वेटर ओततो, दोन्ही पेले शेजारी धरून डोळ्याने माप बघतो, आणि ज्यात थेंबभर कमी त्यात उरलेला थेंब झटकतो. हे माप चुकलेले मी फारसे पाहिलेले नाही. सोडा, बर्फ, लिंबाची फोड, मिठात घोळलेली काकडी, उकडलेले चणे. चखण्याचे पैसे नाहीत. चणे संपले की मागायचे नसतात, वाटी आपोआप भरते. ती भरायची थांबली की समजायचे, बिल मागवायची वेळ झाली.

हा वेटर उडुपी, कुंदापूरकडचा. बंट समाजातल्या माणसांनी आधी इडली-डोशाची हॉटेले काढली आणि मग त्यातली काही बारकडे वळली. गावाकडून पोरगा यायचा, मोरीपाशी पेले विसळायचा, पुढे टेबल मिळायचे, त्यातून एखादा गल्ल्यावर पोहोचायचा. आता तिकडची मुले येत नाहीत. ओडिशा, उत्तर प्रदेश, नेपाळची येतात. जुना वेटर गिऱ्हाइकाचे घर ओळखायचा. कुणाला पगाराच्या दिवशी तिसरी कॉटर द्यायची नाही, कुणाला टॅक्सीत बसवून ड्रायव्हरला पत्ता सांगायचा, कुणाची बायको आजारी आहे, हे त्याच्या डोक्यात असायचे. आणि त्याच बारात एखाद्याच्या घरचे रेशन रोज संध्याकाळी बुडत असायचे, तेही त्याला ठाऊक असायचे आणि तो ओततच राहायचा. दोन्ही खरे आहे.

देशी दारूच्या दुकानात याहून कमी शब्द आणि जास्त घाई. तिथे बसण्याइतका वेळ विकत मिळत नाही. संत्रा किंवा मोसंबी असे सांगायचे, उभ्या उभ्या रिचवायची, तोंड पुसायचे, बाहेर पडायचे. दाराबाहेर एखादी बाई पाटी घेऊन बसलेली असते: तळलेले बोंबील, उकडलेली अंडी, वजडी. तिचा धंदा आतल्या धंद्यावर चालतो आणि तिच्या जागेची नोंद तर कुठल्याच दप्तरात नाही. गिरणगावातल्या या दुकानांनी 1982 च्या संपाचे अठरा-वीस महिने पाहिले. गिरणीचे भोंगे गेले, गिऱ्हाईकही पांगले. आज त्या जागांवर टॉवर आहेत आणि टॉवरच्या तळमजल्यावर ज्या किमतीत बीअरचा मग मिळतो त्यात गिरणीतल्या माणसाचा आठवड्याचा पगार बसला असता. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने किंवा नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने जी मुंबई मराठीत आणली, तिच्यात ही दुकाने पार्श्वभूमीला नाहीत, ती त्या जगण्याच्या ऐन मध्यावर आहेत. साहित्य संमेलनात आपण त्या पुस्तकांचा गौरव करतो. ती ज्या जागांवर उभी आहेत त्यांचा पत्ता तरी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

कुलाब्याबद्दल लिहायला मला फारसे सुचत नाही, कारण त्याची काळजी करायची गरज नाही. लिओपोल्ड 1871 चे आहे, 26/11 च्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी भिंतीत तशाच ठेवल्या आहेत आणि पर्यटक त्या बघायला येतात. कॅफे मोंडेगर 1932 चे, भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे. ताजमधला हार्बर बार 1933 चा. शहरातला पहिला परवाना आपलाच, असे हॉटेल अभिमानाने सांगते. ही ठिकाणे स्वतःची बखर स्वतः छापून मेन्यूकार्डावर देतात. फोर्टातले 1933 चे कॅफे मिलिटरी किंवा धोबीतलावच्या आसपासची, चहा-ब्रून मस्क्यावर निभेना म्हणून बीअरचा परवाना घेतलेली इराणी हॉटेले मात्र मधल्या जातीची आहेत. ती प्रसिद्ध आहेत, पण त्यांना पैसा नाही. झरथुष्ट्राची तसबीर, बेंटवुडच्या खुर्च्या, संगमरवरी टेबले आणि त्यावर दुपारी दोन वाजता खिमा आणि थंड बाटली घेऊन एकटाच बसलेला निवृत्त कारकून. ही जागा पाडली तर इमारतीचा दर्शनी भाग राखला, एवढ्यावर समाधान मानू नका.

आता हरकतींकडे येतो. त्या खऱ्या आहेत आणि मला त्यांना बगल द्यायची नाही. ज्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून गावोगावची दुकाने बंद केली, उभी बाटली आडवी केली, तिथे बारांचा वारसा कसला सांगता, असे कुणीही विचारेल. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले, ते उगीच नाही. मुंबईवर जीव असलेला लेखक मंटो 1955 मध्ये लाहोरला वारला तो दारूनेच. 2005 च्या डान्स बार बंदीत तर एकाच फटक्यात हजारो बायकांची रोजी गेली. न्यायालयांनी 2013 आणि पुन्हा 2019 मध्ये सरकारचे कान उपटले, तरी ते बार काही पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत. या सगळ्यांची नोंदही माझ्या यादीत हवी. बार बंद व्हावा म्हणून मोर्चा नेणाऱ्या बाईची मुलाखत ही त्या बारच्या इतिहासाचा भाग आहे, मालकाच्या मुलाखतीइतकीच. आपण ज्या किल्ल्यांची डागडुजी करतो त्यांत तळघरे आणि फाशीचे दरवाजेही असतात. ते बुजवून किल्ला सुंदर करत नाही.

या जागा का जाताहेत, ते आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बहुतेक जुने बार पागडीच्या गाळ्यात आहेत. इमारतीचा पुनर्विकास झाला की गाळा मिळतो, पण परवाना नव्या जागेवर न्यायचा तर शाळा किती अंतरावर, देऊळ किती अंतरावर, हे मोजमाप नव्याने सुरू होते आणि मालकाचा पोरगा म्हणतो, सोडा, मोबाइलचे दुकान काढू. 2017 मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई करणाऱ्या न्यायालयीन आदेशाने काही महिने कित्येकांची शटरे खाली होती. नंतर कोविडची टाळेबंदी आली. परवाना शुल्क दरवर्षी चढते. 2023 मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचावरून दहा टक्के झाला. बसून प्यायचे तर दीडपट-दुप्पट पडते, म्हणून माणूस वाइन शॉपवरून बाटली घेतो आणि पुलाखाली, गाडीत, गच्चीवर पितो. हे सरकारच्या स्वास्थ्य राखण्याच्या कल्पनेत कसे बसते, ते मला कळलेले नाही.

आणि एक गमतीचा भाग. मुंबईच्या इराणी हॉटेलांचा थाट उचलून लंडनमध्ये नाव काढलेल्या एका उपाहारगृह कंपनीने 2023 मध्ये ब्रायटनला बार काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘परमिट रूम’. तिथल्या लोकांनी आपल्या पाट्या, आपल्या खुर्च्या, आपले रंग बारकाईने अभ्यासले. त्यांना दोष देत नाही, त्यांनी काम नीट केले. पण मूळ पाट्यांचे फोटो काढायला इथे कुणी फिरले का?

ब्यूनोस आयर्स शहराने 1998 मध्ये कायदा करून आपल्या जुन्या बार आणि कॅफेंची अशी यादी सुरू केली. त्यांच्या निकषांत वास्तू आहेच, पण जुनेपणा आणि त्या वस्तीच्या लेखी असलेले महत्त्व हेही स्वतंत्र निकष आहेत. म्हणजे इमारत सामान्य असली तरी बार यादीत येऊ शकतो. यादीत आल्याने तिथले सगळे बार वाचले असे नाही. अजूनही बंद पडतात. निदान कुठला गेला, कधी गेला, त्यात कोण बसायचे, ते लिहिलेले असते. मला इथे एवढेच हवे आहे. वारसा इमारतींसारखी श्रेणी एक, श्रेणी दोन नको. दर्शनी भागाला हात लावायला मनाई नको. चाळीस वर्षांपेक्षा जुना परवाना असलेल्या प्रत्येक जागेसाठी दोन पानांचा एक कागद: आतले आणि बाहेरचे फोटो, पाटी, टेबलांची मांडणी, जुनी मेन्यूकार्डे आणि बिलबुके उरली असतील तर त्यांची प्रत, मालक, वेटर आणि गिऱ्हाईक यांचे बोलणे, दाराबाहेरच्या पाटीवालीचे बोलणे, आणि शेजारपाजाऱ्यांची तक्रार. परवान्यांची जुनी नोंद उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. ती मिळवायला आपल्या एका पत्राचे काम आहे; माझ्या दहा पत्रांनी ती मिळणार नाही. फिरायला वास्तुशास्त्र आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी मिळतील. त्यांना मानधन द्या, चहापाणी द्या, बाकीचे ते बघतील.

सुरुवात भायखळा ते लालबाग या पट्ट्यापासून करावी, असे मी सुचवेन. कुलाब्यापासून करू नये. तिथे कागद तयारच आहेत आणि त्यामुळे काम झाल्यासारखे वाटेल. माझगाव-डॉकयार्डचा भाग त्याला जोडून घ्यावा. आंटीच्या अड्ड्यांच्या आठवणी सांगू शकणारी माणसे तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून आहेत, पण ती सगळी सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि पुढच्या आर्थिक वर्षातल्या तरतुदीची वाट बघत थांबणार नाहीत.

एक व्यवहारातली सूचना करून पत्र पुरे करतो. समितीच्या सदस्यांनी स्वतः पाहणीला जायचे ठरवले तर संध्याकाळी जाऊ नये. शेट्टीला मान वर करायला फुरसत नसते आणि फोटो काढणाऱ्याकडे गिऱ्हाईक संशयाने बघते. दोन ऑक्टोबर किंवा मतमोजणीचा दिवस निवडावा. ज्यांचे स्वयंपाकघर ड्राय डेला चालू असते ते मालक त्या दिवशी गल्ल्यावर माशा मारत बसलेले असतात आणि तासन्‌तास बोलतात. शिवाय परमिट रूममधून बाहेर पडताना कुणी ओळखीच्याने पाहिलेच, तर सांगायला आपल्याकडे कारण असेल.

आपला,
फोर्टातला एक निवृत्त नोकरदार